चाळीस मिनिटं : सजगतेच्या वर्गातलं एक प्रकरण

मी समुपदेशक आहे आणि सजगतेचे, म्हणजे माइंडफुलनेसचे, आठ आठवड्यांचे वर्ग घेते. हे प्रकरण त्यातल्या एका वर्गात सुरू झालं आणि वर्गाबाहेर पुढे गेलं. ज्यांचं आहे त्यांनी मसुदा वाचून परवानगी दिली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्यांचा भाऊ त्यांना ताई म्हणतो, म्हणून इथेही त्या ताईच. हेच प्रकरण निवडलं, कारण यात माझी एक ठळक चूक आहे. सजगता शिकवणारं कुणीही ती अगदी चांगल्या हेतूने करू शकतं.

पार्श्वभूमी

ताई पन्नाशी ओलांडलेल्या, नोकरी करणाऱ्या, एकट्या राहणाऱ्या. आईला पक्षाघात झाल्यावर चार वर्षं त्यांनी घरीच आईचं सगळं केलं. कूस बदलणं, अंग पुसणं, औषधांच्या वेळा, रात्रीतून दोन-तीनदा उठणं. नोकरी सोडली नाही, पण मिळणारी बढती नाकारली. धाकटा भाऊ दूरच्या शहरात. तो दर महिन्याला पैसे पाठवायचा, दर रविवारी फोन करायचा, वर्षातून एकदा येऊन आठवडाभर राहायचा.

शेवटचे दोन दिवस आई शुद्धीवर नव्हती. श्वास एका ठरावीक चालीने यायचा. हळूहळू खोल होत जायचा, मग उथळ होत जायचा, मग काही सेकंद बंदच. पुन्हा सुरू. याला चेन-स्टोक्स श्वसन म्हणतात. जॉन चेन यांनी १८१८ मध्ये आणि विल्यम स्टोक्स यांनी १८५४ मध्ये त्याचं वर्णन केलं होतं. डॉक्टरांनी ताईंना हे नाव सांगितलं होतं आणि आईला त्याचा त्रास जाणवत नसावा, असंही सांगितलं होतं. तरी ताई पलंगाशेजारी बसून ती बंद पडलेली सेकंदं मोजत राहिल्या. दोन रात्री. तिसऱ्या पहाटे त्या शेजारच्या खोलीत जाऊन आडव्या झाल्या. चाळीस मिनिटांनी उठून आल्या तेव्हा आई गेलेली होती.

संध्याकाळपर्यंत भाऊ पोहोचला. तो म्हणाला, “ताई, तू होतीस म्हणून मला कधी काळजीच वाटली नाही.” निम्मी गाठ या वाक्यात आहे, पण हे वाक्य माझ्यापर्यंत पोहोचायला दोन महिने लागले.

पाच महिन्यांनी ताईंनी माझ्या वर्गासाठी अर्ज भरला. ‘का यायचं आहे’ या प्रश्नापुढे तीनच शब्द होते : मन शांत व्हावं.

वर्गात घ्यावं की नाही

आठ आठवड्यांच्या या वर्गाचा साचा जॉन कबाट-झिन यांच्याकडून आला. त्यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात तो सुरू केला. तिथे येणाऱ्यांत जुनाट दुखण्याने बेजार झालेले अनेक जण होते. दुखणं घालवण्याचं वचन त्यांना दिलं जात नव्हतं. दुखत असताना मन त्यात स्वतःचं काय काय मिसळतं, ते बघायला शिकवलं जायचं. लोक मात्र आजही शांतता मागायलाच येतात. त्यात त्यांचा दोष नाही. आम्ही जाहिरातीत पाण्याकाठी डोळे मिटून बसलेल्या माणसाचं चित्र टाकतो.

अर्ज आल्यावर मी ताईंशी वीसेक मिनिटं फोनवर बोलले. झोप चार-पाच तास, भूक बरी, कामावर नियमित. आधीचा मानसिक आजार नाही, आत्महत्येचे विचार नाहीत. आई गेल्याला पाचच महिने झालेले. दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या शोकाचं निदान अशा वेळी करतच नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात त्यासाठी किमान सहा महिने लागतात, अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या नियमपुस्तकात मोठ्या माणसांसाठी बारा. म्हणजे हा आजार नव्हता. दुःख होतं आणि त्याला वेळ लागणार होता.

माझ्यापुढे तीन वाटा होत्या. काही महिने थांबायला सांगावं, शोकावर काम करणाऱ्या सहकाऱ्याकडे पाठवावं, किंवा वर्गात घ्यावं. ताईंचा आवाज स्थिर होता, उत्तरं नेमकी होती. मी वर्गात घेतलं. तो निर्णय आजही मला पुरता चुकीचा वाटत नाही. चुकलं ते दुसरंच. मी झोपेबद्दल विचारलं, औषधांबद्दल विचारलं, आणि आई कशी गेली हे विचारलंच नाही.

अडचण

पहिल्या आठवड्यात शरीरभर लक्ष फिरवायचा सराव असतो, पायाच्या बोटांपासून डोक्यापर्यंत. ताई त्यात चक्क झोपून गेल्या आणि नंतर ओशाळल्या. चार वर्षं रात्री सलग न झोपलेल्या बाईंना चटईवर झोप लागली, तर मी ते चांगलं लक्षण मानते.

दुसऱ्या आठवड्यात श्वास. नेहमीच्या सूचना मी नेहमीच्या संथ आवाजात दिल्या. त्यातलं एक वाक्य असं : “श्वास बाहेर गेला की पुढचा येईपर्यंत एक छोटीशी जागा असते. लक्ष त्या जागेवर राहू द्या.”

हे मी एका अशा व्यक्तीला सांगत होते, जिने पाच महिन्यांपूर्वी नेमक्या त्याच जागेवर दोन रात्री डोळ्यांत तेल घालून पहारा दिला होता.

सराव संपल्यावर त्या म्हणाल्या, “छातीत धडधडलं.” मी ठरलेलं उत्तर दिलं : येऊ द्या, त्याच्यापासून पळू नका, लाट येते तशी ओसरते. अनेकांच्या बाबतीत हे खरं ठरतं. अस्वस्थता सहन होण्याजोगी असेल, तर तिच्याजवळ बसता बसता तिची भीती कमी होते. पण ती अस्वस्थता मापातली आहे की मापाबाहेरची, हे मी तपासलंच नाही.

ताई आज्ञाधारक. घरी रोज वीस मिनिटं बसल्या, घामाघूम होऊन उठल्या आणि सरावाच्या तक्त्यात बरोबरची खूण करत राहिल्या. तिसऱ्या आठवड्यात अर्ध्या सरावातून उठून त्या बाहेर गेल्या. मागोमाग मी गेले, तर जिन्याचा कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरून उभ्या.

“आई इथे नाही हे मला कळतं,” त्या म्हणाल्या. “पण श्वास थांबला की पुढचा येईल ना, एवढंच डोक्यात राहतं. आणि हे स्वतःच्या श्वासाबद्दल, म्हणजे बघा.”

मग त्या जे म्हणाल्या, ते मला अधिक लागलं : “मला हेसुद्धा जमत नाही.”

म्हणजे एकावर एक तीन थर. आईच्या शेवटच्या रात्रींची भीती, तिच्याखाली अजून नाव नसलेलं काहीतरी, आणि सगळ्यांत वर मी माझ्या वर्गातून दिलेली नापाशी.

पुढे काय करता आलं असतं

त्या रात्री मी पर्याय लिहून काढले. माझ्या मार्गदर्शक आहेत, वयाने आणि अनुभवाने ज्येष्ठ. दुसऱ्या दिवशी त्यांच्यापुढे ते मांडले.

पहिला पर्याय सराव पूर्ण बंद करून ताईंना मानसोपचारतज्ज्ञांकडे सोपवण्याचा. सुरक्षित वाट. पण ज्यांना आधीच ‘जमत नाही’ असं वाटतंय, त्यांना वर्गातून काढल्यासारखं झालं असतं. दुसरा, वर्गात ठेवून नेटाने पुढे जाणं. याच्या बाजूने मी थोडा युक्तिवादही केला, कारण मधेच सोडल्याने टाळण्याची सवय घट्ट होते असं आम्ही शिकलेलो असतो. मार्गदर्शकांनी मला तिथेच थांबवलं. “पोहायला शिकवताना पाण्याची भीती घालवतात,” त्या म्हणाल्या, “पण बुडून वाचलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी खोल पाण्यात उभं करत नाहीत.” तिसरा पर्याय वर्ग थांबवून एकेकटं भेटण्याचा, सरावाचा आधार बदलण्याचा आणि सोबत वैद्यकीय तपासणी करून घेण्याचा. चौथा, काहीच न करता वेळ जाऊ देण्याचा. शोकात हा पर्याय आपण समजतो तितका वाईट नसतो. बरीच माणसं कुणाच्याही मदतीशिवाय सावरतात.

तिसरा निवडला, पण निवड माझ्या एकटीची नव्हती. ताईंना चारही सांगितले. त्यांनी विचारलं, “यात नापास कशात होत नाही?” आणि मग स्वतःच हसल्या.

नऊ प्रश्नांची नैराश्याची चाचणी घेतली. सत्तावीसपैकी अकरा गुण, म्हणजे मध्यम पातळी. स्वतःला इजा करण्याबद्दलच्या नवव्या प्रश्नाला शून्य. त्यांच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, हृदयाचा आलेख काढला. दोन्हींत काही निघालं नाही. नैराश्याचे गुण वाढले तर लगेच तज्ज्ञांकडे जायचं, असं आधीच ठरवून ठेवलं.

आधार बदलला

लक्ष टेकवायला श्वासच लागतो असं नाही. तो सोयीचा असतो एवढंच, कारण नेहमी बरोबर असतो. आम्ही डोळे उघडे ठेवले, खुर्चीत बसलो आणि लक्ष तळपायांवर आणलं, जमिनीचा गारवा, टाचेवरचा भार. तेही नको झालं तर आवाज : पंखा, रस्ता, पक्षी, जे असेल ते. सराव पाच मिनिटांचा. केव्हाही थांबायची मोकळीक होती, आणि थांबणं हाही सरावाचाच भाग आहे हे मी प्रत्येक भेटीत नव्याने सांगत असे.

दोन आठवड्यांत धडधड कमी झाली. मी मनातून सुटकेचा निःश्वास टाकला आणि पुन्हा चुकणार होते, कारण मला वाटलं प्रश्न सुटला. ताई शांत दिसायला लागल्या होत्या. इतक्या शांत की मला शंका यायला हवी होती. एकदा त्या सहज बोलून गेल्या, “आता मनात काही आलं की मी पटकन पायांकडे जाते.” म्हणजे तळपाय हे नवं लपायचं ठिकाण झालं होतं.

मनात येणाऱ्या गोष्टीला असं दार लावून घेतलं की काय होतं, याचा एक जुना प्रयोग प्रसिद्ध आहे. डॅनियल वेग्नर आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये लोकांना पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलं. विचार येतच राहिला. नंतर विचार करायला मोकळीक दिली, तेव्हा या लोकांच्या मनात तो पहिल्यापासून मोकळीक असलेल्यांपेक्षाही जास्त आला. ताईंच्या पहाटेच्या जागरणांत हेच चाललं होतं. दिवसभर पायांकडे पळवलेलं सगळं पहाटे चारला परत यायचं.

शब्द शोधले

या कामाचा सगळ्यात श्रीमंत भाग इथून पुढचा.

मी विचारायचे, “आत्ता काय वाटतंय?” ताई म्हणायच्या, “वाईट वाटतंय.” पुढच्या भेटीतही तेच, त्याच्या पुढच्याही. ‘वाईट वाटतंय’ हे आपलं सगळ्यांचं सर्वसमावेशक गाठोडं. त्यात काय काय बांधलंय हे सोडून बघितल्याशिवाय कळत नाही.

भावनेला नेमकं नाव दिल्याने काही बदलतं का? मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. चेहऱ्यांची चित्रं बघताना माणसांनी त्यावरच्या भावनेचं नाव निवडलं, तेव्हा मेंदूतल्या अमिग्डलाची प्रतिक्रिया मंदावली. धोक्याची चाहूल घेण्यात या भागाचा मोठा वाटा असतो. चित्रातल्या माणसाचं नाव निवडताना तसं झालं नाही. हा प्रयोग प्रयोगशाळेतल्या चित्रांवरचा; आई गेलेल्या बाईंवर तो जसाच्या तसा लावू नये. पण दिशा उपयोगी आहे. लिसा फेल्डमन बॅरेट यांचं म्हणणंही याच बाजूचं : भावनांमधले बारीक फरक ज्यांना ओळखता येतात, त्यांना त्या हाताळणं सोपं जातं.

आणि इथे मराठी अगदी धावून आली. एका भेटीत आम्ही नुसते शब्द लिहीत बसलो. खंत, खेद, हळहळ, रुखरुख, सल, टोचणी, बोच. मग रागाच्या घरातले : चीड, संताप, वैताग, त्रागा, धुसफूस, रुसवा, अढी. मग घालमेल, हुरहुर, तगमग, कासाविशी. ताई एकेक शब्द तोंडात घोळवून बघायच्या आणि बसतो की नाही ते सांगायच्या. “हुरहुर नाही, ती पुढच्या गोष्टीची असते. रुखरुख आहे. पण रुखरुख लहान असते ना? हे मोठं आहे.” मी नोंदवहीत लिहिलं : टोचणी? त्यांनी मान हलवली. “अपराध.”

शब्दाबरोबर शरीरातली जागाही विचारायची असा आमचा नेम होता. अपराध पोटात, बेंबीच्या वर, ओल्या पिळ्यासारखा. मग एक दिवस भाऊ रविवारी फोन करतो हे सांगताना त्यांचा जबडा आवळला गेला. मी विचारलं, “तिथे काय आहे?” बराच वेळ त्या गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “धुसफूस.” आणि लगेच, “पण त्याच्यावर कशी रागावू, तो तर माझं कौतुक करतो.” तेव्हा ते वाक्य बाहेर आलं : तू होतीस म्हणून मला काळजी नव्हती.

कौतुकाच्या रूपात आलेल्या गोष्टीवर रागावता येत नाही. म्हणून राग पोटात गेला आणि अपराधात मिसळला. निदान मला तरी ते तसं दिसलं.

इथे जराशी आडवाट. पाली परंपरेत ‘वेदना’ म्हणजे दुखणं नव्हे. अनुभव सुखद, दुःखद की दोन्ही नसलेला, ही पहिली चव म्हणजे वेदना. रागाची, दुःखाची कहाणी त्यानंतर सुरू होते. आपल्या मराठीत या शब्दाचं फक्त दुखणंच उरलं. ताईंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “मग आई गेल्यावर पहिली चव सुखद होती.” आणि तोंडावर हात ठेवला.

ते सगळ्यात आतलं होतं. सुटका. दार उघडून आई गेलेली दिसली, त्या क्षणी रडण्याच्याही आधी खांदे खाली आले होते. त्याआधी, दुसऱ्या रात्री, त्यांच्या मनात आलं होतं : संपू दे एकदाचं. त्यांच्या हिशेबात हे असं बसलं होतं, की मी मागितलं, उठून गेले, आणि तसंच झालं.

अपराधाची झडती

भावना ऐकायची म्हणजे तिचं म्हणणं खरं मानायचं, असा एक गैरसमज सजगतेच्या वर्तुळात सर्रास दिसतो. भावना साक्षीदार आहे, न्यायाधीश नाही. तिची साक्ष घ्यायची आणि मग तपासायची. मार्शा लिनेहान यांच्या उपचारपद्धतीत यासाठी सरळ पायरी आहे, वस्तुस्थिती पडताळून पाहणं.

आम्ही एका कागदावर तीन गोष्टी लिहिल्या. ताईंनी त्या पहाटे काय केलं, तेव्हा त्यांना काय माहीत होतं, आणि त्यामुळे काय बदललं असतं. त्या जाग्या राहिल्या असत्या तर आई वाचली नसती. डॉक्टरांनी दोन दिवस आधीच तसं सांगितलं होतं. मनात आलेल्या विचाराने कुणाचा श्वास थांबत नाही. दीर्घ शुश्रूषेनंतर सुटका वाटणं ही शुश्रूषा करणाऱ्यांमध्ये सर्रास आढळणारी गोष्ट आहे, तिचा प्रेमाशी वैरभाव नसतो.

हे सगळं ताईंना पटलं. तरी पोटातला पिळा सुटला नाही. मग एक भेट आम्ही काहीच पडताळलं नाही, फक्त त्या पिळ्यापाशी बसलो, तळपाय जमिनीला आणि हात पोटावर. दहा मिनिटांनी त्या म्हणाल्या, “अपराध नाहीये हा. मला तिथे असायचं होतं. एवढंच.” शब्दांच्या यादीत त्यांनी बोट ठेवलं : खंत.

अपराध शिक्षा मागतो. खंत काही मागत नाही, नुसती राहते. हा फरक माझा मला सुचलेला नाही, त्या दिवशी ताईंनी तो दाखवला.

रागाचं काय करायचं

राग नाव मिळाल्यावर भराभर मोठा झाला. एका रात्री दहाला ताईंचा संदेश आला : आत्ता त्याला फोन करून सगळं बोलणार आहे.

निर्णयाची वेळ. राग ओकून टाकला की हलकं होतं अशी लोकांची ठाम समजूत आहे. ब्रॅड बुशमन यांच्या २००२ च्या प्रयोगात उलट दिसलं. ज्याच्यावर राग त्याला आठवत ठोसे मारणारे लोक, काहीच न करता बसलेल्यांपेक्षा जास्त रागावलेले निघाले. पण चार वर्षं गप्प राहिलेल्या माणसाला ‘आज बोलू नका’ म्हणणं म्हणजे पुन्हा गप्प करणं, हेही तितकंच खरं. मी लिहिलं : बोलायचंच आहे. तीन दिवस द्या. तोवर न पाठवायचं पत्र लिहा.

पत्र सात पानांचं झालं. तिसऱ्या दिवशी त्यांनी ते वाचून दाखवलं आणि पाचव्या पानावर स्वतःच थांबल्या. भावाने दोनदा विचारलं होतं, पगारी शुश्रूषेला बाई ठेवूया का. दोन्ही वेळा ताई नाही म्हणाल्या होत्या. “मला वाटायचं, दुसऱ्या कुणाच्या हाताने आईला नीट वाटणार नाही. आणि मला वाटायचं, त्याने तिसऱ्यांदा विचारावं.”

रागाने खरी गोष्ट सांगितली होती : भार वाटला गेला नाही. मात्र कुणामुळे, याबद्दल त्याचं उत्तर अर्धंच होतं.

फोन झाला. ताईंनी सात पानांतलं एक वाक्य ठेवलं : “मला मदत मागता आली नाही आणि तुला जोर करून देता आली नाही. दोन्ही खरं आहे. आणि काळजी वाटली नाही असं मला परत म्हणू नकोस.” भाऊ गप्प झाला. मग म्हणाला, “मला वाटायचं तुला मधे कुणी आलेलं आवडत नाही.” आणि फोन ठेवला.

परिणाम

त्यानंतर पाच रविवार त्याचा फोन आला नाही. त्या दिवसांत ताई पुन्हा पहाटे चारला उठू लागल्या. मला माझ्या सल्ल्याबद्दल जी शंका आली, ती अजून गेलेली नाही. सहाव्या आठवड्यात तो न सांगता आला आणि आईची खोली दोघांनी मिळून आवरली. फार बोलणं झालं नाही म्हणे. कपाटाच्या वरच्या फळीवर औषधांचे जुने कागद निघाले, रोजच्या वेळा ताईंच्या अक्षरात, चार वर्षांच्या. भाऊ ते एकेक वाचत बसला. ते कागद त्याने बरोबर नेले.

पहिल्या भेटीपासून सात महिन्यांनी तीच चाचणी घेतली, गुण सहा. झोप साडेपाच-सहा तास. श्वासावरचा सराव त्या आजही करत नाहीत आणि करायची गरजही नाही. नैराश्याचे तीन किंवा जास्त झटके येऊन गेलेल्यांसाठी सजगतेवर आधारलेली उपचारपद्धती पुन्हा झटका येण्याचा धोका कमी करते, याला चांगला पुरावा आहे. ताई त्या गटातल्या नव्हत्या, त्यामुळे हे गुण सजगतेमुळे उतरले असं मी म्हणणार नाही. वेळ गेला, भाऊ आला, झोप झाली. सरावाने एवढं नक्की केलं, की जबडा आवळला तेव्हा तो आवळलाय हे ताईंना कळलं.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी, नोंदणीच्या फोनवर एक प्रश्न हवा होता. आता माझ्या अर्जात तो आहे : श्वासाकडे किंवा शरीराकडे लक्ष देताना त्रास होईल असं काही घडून गेलं आहे का? दमा असणारे, बुडता बुडता वाचलेले, पॅनिकचे झटके आलेले, अतिदक्षता विभागात कुणाच्या उशाशी बसलेले, असे बरेच जण त्यावर खूण करतात. श्वासाला पर्याय मी पहिल्याच दिवशी सगळ्यांना देते, म्हणजे कुणाला वेगळं पडल्यासारखं वाटत नाही. ‘श्वासांमधली जागा’ हे वाक्य मी सूचनांतून काढून टाकलं आहे. मला ते फार आवडायचं.

दुसरं, ‘धडधडलं’ या शब्दावर मी उत्तर द्यायची घाई केली. किती, केव्हा, कशासारखं, सराव संपल्यावर किती वेळ राहिलं, एवढं विचारलं असतं तर एक आठवडा वाचला असता. सरावाच्या तक्त्यातल्या खुणा बघून मी खूश झाले होते. आता त्या तक्त्यात ‘मधे थांबलो/थांबले’ असाही रकाना आहे, आणि तो भरलेला दिसला की मला हायसं वाटतं.

तिसऱ्या गोष्टीबद्दल माझं मत अजून पक्कं नाही. त्या रात्री दहाला ताईंनी फोन केला असता तर? भांडण झालं असतं. कदाचित पाच रविवारांचा अबोला तेव्हाच सुरू होऊन लवकर संपला असता. पाचवं पान मात्र लिहिलं गेलं नसतं. मार्गदर्शकांना विचारलं तर त्या म्हणतात, तीन दिवस बरोबर होते. ताईंना विचारलं तर म्हणतात, एक पुरला असता.

हा मसुदा ताईंनी दोनदा वाचला. भावालाही दाखवला. त्यात त्यांनी एकच दुरुस्ती केली. मी पार्श्वभूमीत ‘अर्ध्या तासाने उठून आल्या’ असं लिहिलं होतं. ते खोडून समासात त्यांनी लिहिलं, चाळीस मिनिटं.